बाळंतिणीचे मन आणि उपकारस्मरण



आपल्या प्रार्थनांच्या व देणग्यांच्या आधारावर सातपुड्यातील पाड्यांवर चाललेल्या माता-बाल आरोग्य सेवेविषयी आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. गरोदर मातांची तपासणी, लोहाच्या गोळ्या, लसीकरण, बाळाचे वजन हे विषय आता आपल्या ओळखीचे झाले आहेत. या वेळी मी बाळंतिणीच्या मनाविषयी लिहीत आहे. गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी काही भगिनींनी विचारले, "नव्या मातांना तुम्ही उपकारस्तुती करायला शिकवता का? त्याने मन खचत नाही असे ऐकतो." प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर 'हो' असेच आहे. मात्र उपकार केव्हा मानायचे, कसे मानायचे आणि कोणी कोणाचे मानायचे, हे नीट समजून घेतले नाही तर चांगल्या गोष्टीचाही बाळंतिणीला भार होतो. म्हणून हे थोडे सविस्तर लिहिणे.

बाळ झाल्यावर मनात काय घडते

प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांतच स्त्रीच्या शरीरातील काही संप्रेरकांचे प्रमाण एकदम उतरते. रक्त गेलेले असते, अंग दुखत असते, दूध उतरत असते आणि झोप तुकड्यातुकड्यांत होते. अशा वेळी निम्म्याहून अधिक बाळंतिणींना कारण नसताना रडू येते, चिडचिड होते, धास्ती वाटते. डॉक्टर याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. हा आजार नव्हे. पोटभर जेवण, विश्रांती आणि मायेचे माणूस जवळ असले की साधारण दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरते.

दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल, कशातच मन लागत नसेल, बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, अन्न नकोसे झाले असेल, 'मी आई व्हायला लायक नाही' असे सारखे वाटत असेल, तर तो प्रसूतीपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. वीस हजारांहून अधिक मातांच्या त्या माहितीत सुमारे २२ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळले. म्हणजे पाच बाळंतिणींमागे जवळपास एक. आपल्या मंडळीत या वर्षी दहा बाळे जन्मली असतील, तर त्यांच्या मातांपैकी दोघी या वाटेवरून चालत असण्याचा संभव आहे.

हे कोणाला होते? आपल्या शेजारच्या गोव्यात मातांचा एक चांगला अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. तिथेही प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यात होत्या. त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच दुखावलेले होते. घरातील गरिबी, नवऱ्याशी न पटणे, मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे ही कारणे त्यामागे ठळकपणे दिसली. विश्वासाच्या कमतरतेने हा आजार होतो असे मानण्याला काही आधार नाही. भाविक घरातही तो येतो.

तिसरी अवस्था विरळ पण गंभीर आहे. हजार प्रसूतींमागे एखाद-दुसऱ्या मातेला पहिल्या काही दिवसांत भास होऊ लागतात, ती असंबद्ध बोलते, रात्ररात्र जागते, बाळाविषयी विचित्र कल्पना करते. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते.

पाड्यावर हे दुखणे लपून का राहते

आमच्या भागातल्या भगिनी 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाहीत. त्या शरीराच्या भाषेत बोलतात. डोके जड झाले, हातपाय गळाले, छातीत धडधडते, जेवण उतरत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, अशक्तपणा असेल. आणि तोही असतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचे आढळले. रक्त कमी असले की थकवा येतो, आणि थकलेले मन लवकर खचते. म्हणून मनाची चौकशी करताना आम्ही रक्त तपासायला विसरत नाही. थायरॉइडच्या बिघाडानेही अशीच सुस्ती व उदासी येते.

दुसरे कारण कामाचे. दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. बाळ महिन्याचे असो की दोन महिन्यांचे, ते आईच्या झोळीत बरोबर जाते. तिथे तिची विचारपूस करायला ना आई ना बहीण. आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जातात, प्रसूती घरी झाली असेल तर सात वेळा. पण कुटुंबच स्थलांतरित झाले तर त्या भेटी अर्ध्यावर राहतात.

तिसरे कारण समजुतीचे. काही घरांत म्हणतात, 'हिला बाहेरचे लागले', आणि भगताला बोलावतात. विश्वासी घरांत म्हणतात, 'हिची प्रार्थना कमी पडते.' दोन्ही ठिकाणी बाईला एकच गोष्ट कळते: हे बोलून दाखवायचे नाही.

एका पाड्यावरील तरुण मातेची हकिकत सांगते. तिला दुसरी मुलगी झाली. आपल्याकडे रीत आहे तशी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. अंगण माणसांनी भरले, गीते झाली, पाळकांनी बाळाला आशीर्वाद दिला, सर्वांना चहा-पोहे झाले. ती आत, भिंतीला टेकून बसली होती. नंतरच्या भेटीत ती आपल्या बोलीत मला जे म्हणाली त्याचा अर्थ असा: "बाई, सगळे देवाचे उपकार मानत होते. माझ्या एकटीच्याच मनातून काही येत नव्हते. माझ्यातच काही खोट आहे." रात्री झोप येते का, जेवण जाते का, असे तिला तोवर कोणी विचारले नव्हते. ती पुढे बरी झाली, पण तिचे ते वाक्य या कामात मला रोज उपयोगी पडते. बाळंतिणीला उपकारस्मरण सांगताना पहिली काळजी हीच घ्यायची की तिला त्यातून अपराधी वाटता कामा नये.

उपकार मानल्याने काय होते आणि काय होत नाही

उपकार मानण्याचा मनावर होणारा परिणाम अभ्यासकांनी मोजून पाहिला आहे. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले जीवन अधिक बरे वाटले आणि पुढच्या आठवड्याविषयी अधिक आशा वाटली.

त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. २०२१ साली अशा २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष आपण नीट ध्यानात ठेवावा: उदासी आणि चिंता यांवर या सरावाचा परिणाम होतो, पण तो लहान असतो. त्यामुळे ज्या आईला नैराश्याचा आजार आहे तिला केवळ 'उपकार मान' सांगून घरी बसवणे म्हणजे न्यूमोनिया झालेल्या बाळाच्या छातीला नुसते तेल लावण्यासारखे आहे. तेल लावण्यात वाईट काही नाही, पण औषधाची जागा ते घेत नाही.

मग हा सराव का करायचा? माझ्या अनुभवाप्रमाणे बाळंतिणीला त्याचा तीन प्रकारे उपयोग होतो. पहिला असा की खचलेले मन दिवसभरातले चुकलेले तेवढेच मोजते. बाळ रडले, दूध कमी आले, भाकरी करपली. त्याच दिवशी घडलेली एखादी बरी गोष्ट त्याला दिसतच नाही. ती मुद्दाम शोधायची सवय लागली की मोजणी थोडी खरी होते. दुसरा असा की ज्या माणसाचा उपयोग झाला ते माणूस तिच्या लक्षात येते, आणि उद्या त्याच माणसाकडे मदत मागणे तिला सोपे जाते. तिसरा असा की घरातली माणसे या सरावात बसली तर ती बाळंतिणीकडे पाहू लागतात. तिसरा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो.

आधी रडणे, मग उपकारस्तुती

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना हा क्रम नवा नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाचे उपकाराचे गीत दुसऱ्या अध्यायात येते. पहिल्या अध्यायात ती रडते, जेवत नाही, मंदिरात ओठ हलवत राहते. एली याजकाला ती प्यालेली वाटते. तिने आपले दुःख सांगितल्यावर तो शांतीचे शब्द बोलतो, आणि मग ती जेवते. पहिला अध्याय गाळून दुसऱ्यावर उडी मारायला आपण बाळंतिणीला सांगू नये. स्तोत्रसंहितेतही विलापाच्या स्तोत्रांचा वाटा फार मोठा आहे. विलाप हीदेखील देवाशी केलेली बोलणीच आहेत.

एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि आता मरण यावे असे म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. पुढचे बोलणे त्यानंतर झाले. बाळंतिणीची सेवा करणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला वाटते.

म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस आम्ही बाळंतिणीला उपकारस्मरणाविषयी काहीच सांगत नाही. त्या दिवसांत तिच्याकडून काही मागायचे नसते. तिला द्यायचे असते: गरम जेवण, सलग दोन-तीन तासांची झोप आणि ऐकणारे माणूस.

तुरीच्या दाण्यांची वाटी

शहरातील भगिनी वहीत लिहितात. आमच्या पाड्यांवरच्या कितीतरी मातांना लिहिता येत नाही, आणि येत असले तरी हात मोकळा नसतो. म्हणून आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. चुलीजवळ एक रिकामी वाटी आणि मूठभर तुरीचे दाणे. संध्याकाळी जेवणानंतर घरातले जे असतील ते बसतात. आधी एक प्रश्न बाळंतिणीला: "आज काय जड गेले?" ती सांगेल ते ऐकायचे, मध्ये बोलायचे नाही. त्यानंतर दुसरा प्रश्न: "आज कोण उपयोगी पडले?" काही आठवले तर एक दाणा वाटीत. नाही आठवले तर नाही. बस, एवढेच.

या पद्धतीत काही गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो.

उपकार लहान आणि नेमका असावा. 'देवाने सगळे दिले' हे खरे असले तरी त्या रात्री ते मनाला लागत नाही. 'जावेने पाण्याचा हंडा आणून ठेवला', 'बाळ दुपारी दोन तास झोपले', 'आशाताईने वजन केले, बाळ २०० ग्रॅमने वाढले' हे लागते. माणसाचे नाव घ्यावे, आणि त्या माणसासाठी देवाचे आभार मानावेत.

रोज करायची सक्ती नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. दाणे मोजायचे नाहीत आणि शेजारणीच्या वाटीशी तुलना करायची नाही.

दुसरीचे दुःख दाखवून उपकार मानायला लावायचे नाही. 'तिचे बाळ तर गेले, तुझे आहे ना, मग रडतेस का?' हे वाक्य समजुतीने बोलले जाते, पण ऐकणारीचे तोंड त्याने कायमचे बंद होते. मुलगी झालेल्या आईला 'पुढच्या वेळी मुलगा होईल' असे म्हणणेही तसेच.

आणि शेवटची गोष्ट: सासू, नवरा, नणंद यांनीही दाणा टाकायचा. मात्र त्यांनी बाळंतिणीने केलेल्या गोष्टीसाठी टाकायचा.

घरच्या माणसांचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे सुरुवातीला सगळे लाजतात. एका घरी सासूने पहिल्या दिवशी दाणा हातात धरून ठेवला आणि हसत राहिली. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाली, "रात्री पोर चार वेळा उठले. ही चारही वेळा उठली. माझ्या वेळी मी पण उठायचे, पण कोणी पाहिले नाही." सून तिच्याकडे पाहतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून पहाटेचे बाळ सासूने स्वतःकडे घेतले. सुनेला पहाटे दोन तास झोप मिळू लागली. त्या घरात काही दिवसांत सुनेचा चेहरा बदलला. त्याचे श्रेय तुरीच्या दाण्याचे किती आणि दोन तासांच्या झोपेचे किती, हे मी वेगळे करून सांगणार नाही. ती झोप त्या दाण्यामुळेच मिळाली.

वाटी रिकामी राहिली तर

एका मातेच्या वाटीत नऊ दिवस एकही दाणा पडला नाही. तिच्या घरच्यांना वाटले, ही हट्ट करते. आमच्या कार्यकर्तीने मात्र वेगळा अर्थ काढला. नऊ दिवसांत एकही बरी गोष्ट जाणवत नसेल, तर तिचे मन आजारी आहे. विचारपूस केल्यावर कळले की ती तीन आठवडे नीट जेवलेली नव्हती आणि 'मी नसले तर बरे' असे दोनदा बोलून गेली होती. तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. रक्त फार कमी निघाले. तिथून तिला मनोविकार तज्ज्ञांकडे पाठवले. औषधे सुरू झाली, बाळाचे दूध न तोडता. काही आठवड्यांनी ती घरात बोलू लागली. आता तिच्या वाटीत रोज दाणा पडतो असे नाही. पण ती जेवते, झोपते, बाळाशी बोलते.

म्हणून मी कार्यकर्तींना सांगते, भरलेली वाटी पाहून खूश व्हा, पण रिकामी वाटी अधिक लक्ष देऊन पाहा. ती आईची परीक्षा नाही. ती आपल्याला मिळालेली सूचना आहे.

पुढील गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये: दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी; अन्न व झोप तुटणे; बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा फार भीती वाटणे; मरणाचे अथवा बाळाला इजा करण्याचे विचार; भास होणे. शेवटच्या दोन गोष्टींत तर आईला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत. कोणते घ्यायचे ते डॉक्टर ठरवतात. शासनाची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते. पाड्यावर रेंज नसेल तर घरातल्या कोणीतरी रेंज मिळेल तिथे जाऊन आईच्या वतीने बोलले तरी चालते.

मनाच्या दुखण्यात मदत करायला प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असेही नाही. पाकिस्तानच्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्तींना थोडे शिक्षण देऊन नैराश्यातील मातांच्या घरी पाठवले गेले. २००८ साली त्याचा निकाल आला. सहा महिन्यांनी भेटी मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात राहिल्या होत्या, इतर मातांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के होते. पुढे त्याच पद्धतीत बदल करून गोव्यात 'संगात' या संस्थेने साध्या गृहिणींना शिकवून मातांकडे पाठवले. २०१९ साली आलेल्या त्या निकालात फायदा लहान होता, पण बरे होणाऱ्या मातांचे प्रमाण काहीसे अधिक होते. नियमाने येणारे, ऐकणारे, घरच्यांनाही सामील करणारे माणूस हे या कामाचे मूळ आहे. आमच्या पाड्यांवरील कार्यकर्ती हेच करतात.

उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत आईचे नाव

रूथच्या पुस्तकाचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. बाळ झाल्यावर बेथलेहेमातील बाया नामीकडे येतात आणि परमेश्वराचा धन्यवाद करतात. त्याच बोलण्यात त्या रूथचीही थोरवी सांगतात, सात मुलांपेक्षा ही सून तुला अधिक आहे अशा अर्थाने. देवाचे उपकार आणि बाळंतिणीची वाखाणणी एकाच वेळी झाली. विशेष म्हणजे ज्या नामीने पूर्वी याच गावात आपल्याला कडू नावाने हाक मारा म्हटले होते, तिच्या कडूपणाबद्दल या बायांनी तिला कधी बोल लावला नाही.

आमच्या भागातील काही पाळकांशी व भगिनीमंडळांशी बोलून घरच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत आम्ही थोडे फरक सुचवले आहेत. प्रार्थना बाळंतिणीला बसवेल तेव्हा ठेवावी, घाई करू नये, आणि ती थोडक्यात आटपावी. आईला आत न ठेवता सर्वांबरोबर, टेकायला उशी देऊन बसवावे. बाळाबरोबर तिचेही नाव घेऊन, तिने नऊ महिने सोसले त्याबद्दल आभार मानावेत. मुलगी असो वा मुलगा, आभार सारखेच. तिला साक्ष द्यायला उभे करू नये. द्यावीशी वाटली तर ती देईल. आणि उठण्यापूर्वी मंडळीतील दोघी-तिघींनी पुढच्या आठवड्याचे पाणी, सरपण आणि एक वेळची भाकर वाटून घ्यावी. आभाराचे शब्द हंड्यातल्या पाण्याबरोबर आले की बाळंतिणीला ते खरे वाटतात.

आपण काय करू शकता

आपल्यापैकी बरेच जण दूर शहरांत राहता. पण बाळंतीण प्रत्येक मंडळीत आहे. तिला भेटायला जाल तेव्हा बाळाआधी तिची विचारपूस करा. 'आनंदात ना?' असे न विचारता 'झोप मिळते का, जेवण जाते का?' असे विचारा. ती रडली तर रडू द्या. घरी परतण्यापूर्वी एखादे काम हातावेगळे करून या. आणि तिने केलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल तिचे आभार माना.

आमच्यासाठी प्रार्थना करताना हे विषय घ्यावेत:

• या हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या बाळंतिणी व त्यांची तान्ही बाळे यांच्यासाठी. जिथे त्या राहतील तिथल्या आरोग्य सेविकांची त्यांना भेट घडावी म्हणून.

• पाड्यावरील आशाताई, अंगणवाडी सेविका व आमच्या कार्यकर्ती यांना ऐकून घेण्याचा धीर मिळावा म्हणून.

• ज्या घरांत मुलगी झाल्याने आईकडे पाठ फिरवली गेली आहे, त्या घरांसाठी.

• ज्या माता आज उपकार मानू शकत नाहीत, त्यांच्यासाठी. त्यांना ते शब्द सुचेपर्यंत त्यांच्या वतीने आपण मानू, आणि त्यांच्या घरचे पाणी भरू.